निकाल दिला, कारण राहिलं

आमच्या गावच्या उरुसात घोड्यांची शर्यत व्हायची. संदल झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्त्या आणि दुपारी ऊन कलल्यावर शर्यत. दर्ग्यामागच्या माळावरून घोडे सुटायचे, ओढ्याकाठच्या विहिरीला वळसा घालायचे आणि परत दर्ग्याच्या कमानीखालून जायचे. कमिटीत मराठे, धनगर, मुसलमान असे सगळेच असायचे. बक्षीस पाचशे एक रुपये आणि एक फेटा. पाचशे रुपयांत घोड्याच्या महिन्याच्या चंदीचाही खर्च निघत नसे, पण त्या फेट्यासाठी लोक वर्षभर घोडा पोसायचे.

आता ही शर्यत होत नाही. ती बंद पडायला एक निकाल कारणीभूत झाला, आणि तो निकाल माझ्या अब्बांनी दिला होता.

अब्बा नालबंद होते. बैलांना आणि घोड्यांना नाल मारणं हा आमचा पिढीजात धंदा. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घोड्याचा खूर त्यांच्या मांडीवर येऊन गेलेला. आमच्या घरी मात्र स्वतःचा घोडा कधीच नव्हता. घोड्यांची जाण आहे पण शर्यतीत घोडा नाही, असा गावात तो एकच माणूस. म्हणून कमिटी दरवर्षी त्यांनाच पंच म्हणून उभं करायची.

1986 साली मी अकरा वर्षांचा होतो. त्या वर्षी पाच घोडे धावले आणि कमानीखालून पहिला गेला तो तात्यांचा काळा घोडा. तात्या म्हणजे अब्बांचे जिवलग. सुगी झाली की आमच्या घरचं वर्षाचं जोंधळ्याचं पोतं पहिल्यांदा त्यांच्या खळ्यावरून यायचं. घोड्यावर त्यांचा थोरला मुलगा होता, अठरा वर्षांचा. आम्ही पोरं त्याला दादा म्हणायचो. हलगी वाजायला लागली, गुलाल उधळला गेला, आणि तेवढ्यात दुसरा आलेला स्वार पुढे येऊन म्हणाला, विहिरीच्या वळणावर मला आडवा घोडा घातला. हा घोडा तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका बागवानांचा होता.

अब्बा काही न बोलता विहिरीपर्यंत चालत गेले. धूळ उडू नये म्हणून सकाळी त्या वाटेवर पाणी मारलेलं होतं. ते खाली बघत थोडा वेळ फिरले, एकदा उकिडवे बसले, हाताने काहीतरी मोजलं. परत आले आणि म्हणाले, "पहिला नंबर बागवानांचा. तात्यांचा घोडा त्यांच्या मागं."

कोणीतरी विचारलं, "का ते तरी सांगा की चाचा."

अब्बा म्हणाले, "पंच मानलाय ना मला? मग दिला निकाल." एवढं बोलून ते घराकडे चालू लागले.

बागवान मुसलमान होते, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर जे बोललं गेलं तेही सांगायला नको. "शेवटी आपल्या माणसाकडंच गेला," हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बोलणारा माणूस वाईट नव्हता. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या बैलाच्या खुरात काटा घुसला होता तेव्हा अब्बा रात्री कंदील घेऊन त्याच्या गोठ्यात गेले होते. पण त्याला निकालाचं कारण माहीत नव्हतं, आणि कारण माहीत नसलं की माणूस हाताला येईल ते कारण उचलतो.

पुढच्या वर्षी शर्यत झाली नाही. कमिटीत एकमत होईना. तात्या आपले बैल नाल मारायला बाजारच्या गावी नेऊ लागले. जोंधळ्याचं पोतं आलं नाही. त्या ईदला अम्मीने तात्यांच्या घरचा शिरखुर्म्याचा डबा नेहमीप्रमाणे भरला, पण तो कोणाच्या हाती पाठवायचा यावर घरात कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी तो आम्हीच खाल्ला.

हे सगळं मी बरीच वर्षं विसरलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो, पण त्याकडे बघत नव्हतो. मे 2019 मध्ये, रमजान लागायला दोन दिवस असताना, भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामू, हे बघा, तुम्हाला घोड्यांचं कळतं." घोड्यांचं मला काही कळत नाही, कळत होतं ते अब्बांना. पण व्हिडिओ बघितला आणि तो विहिरीचा कोपरा डोळ्यांसमोर आला.

ती शर्यत होती अमेरिकेतली केंटकी डर्बी. लुईव्हिल शहरातल्या चर्चिल डाउन्स या रेसकोर्सवर दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही सव्वा मैलाची शर्यत होते. 4 मे 2019 रोजी तिचं 145वं वर्ष होतं. पावसाने ट्रॅकचा चिखल झालेला, 19 घोडे, दीड लाखांच्या आसपास प्रेक्षक. मॅक्सिमम सिक्युरिटी नावाचा घोडा सुरुवातीपासून पुढे होता. शेवटच्या वळणावर तो आतल्या कडेवरून एकाएकी बाहेरच्या बाजूला सरकला. त्याच्या मागोमाग वॉर ऑफ विल नावाचा घोडा येत होता, त्याची वाट अडली. दोघांचे पाय एकमेकांत अडकता अडकता राहिले. त्या वेगात पुढचा घोडा पडला असता तर मागच्या गर्दीतले आणखी किती पडले असते, हे सांगता येत नाही. कोणी पडलं नाही. मॅक्सिमम सिक्युरिटी सावरला आणि सरळ जिंकला. दुसरा आलेला कंट्री हाउस पावणेदोन लांबी मागे होता.

मग ऑब्जेक्शन झालं. कंट्री हाउसचा जॉकी फ्लाव्हियन प्रा याने आणि लाँग रेंज टॉडी या घोड्याच्या जॉकीने तक्रार केली. ज्याची वाट सगळ्यात जास्त अडली त्या वॉर ऑफ विलच्या जॉकीने मात्र तक्रार केली नाही. तीन स्टिवर्ड्स, म्हणजे शर्यतीचे पंच, वर खोलीत बसून तोच तुकडा पुन्हापुन्हा बघत होते. 22 मिनिटं गेली. खाली विजेत्याचे मालक उभे, जॉकी उभा, लाखभर लोक फलकाकडे बघत उभे. आणि मग फलकावरचा नंबर बदलला. मॅक्सिमम सिक्युरिटी पहिल्यावरून सतराव्या क्रमांकावर गेला. कंट्री हाउस विजेता ठरला. त्याच्यावर दोन डॉलर लावणाऱ्याला 132 डॉलर 40 सेंट मिळाले, इतकी त्याच्याकडून कोणाला आशा नव्हती.

आडवं गेल्याबद्दल डर्बीच्या विजेत्याला मागे टाकल्याची वेळ त्या 145 वर्षांत पहिलीच. 1968 साली डान्सर्स इमेज या घोड्याचं विजेतेपद काढून घेतलं होतं, पण ते अंगात औषध सापडलं म्हणून, धावण्यातल्या चुकीबद्दल नव्हे.

पहिला घोडा सतरावा का झाला, दुसरा का नाही? केंटकीची रीत अशी की ज्याने वाट अडवली त्याला, ज्यांची वाट अडली त्यांच्यातल्या सगळ्यात शेवटी आलेल्याच्या मागे ठेवायचं. लाँग रेंज टॉडी मूळ क्रमाने सतरावा होता. तो एक पायरी वर सरकला आणि त्याची जागा मॅक्सिमम सिक्युरिटीला मिळाली. कंट्री हाउसला कोणी अडवलं नव्हतं, पण तो दुसरा आलेला असल्यामुळे पहिला झाला. विजेत्याचं बक्षीस 18 लाख 60 हजार डॉलर होतं.

मुख्य स्टिवर्ड बार्बरा बोर्डन यांनी नंतर एक छोटं निवेदन वाचून दाखवलं. कोणी तक्रार केली, कोणाची वाट अडली, आणि तिघांचं एकमत आहे, असं त्यात होतं. पण पत्रकारांचे प्रश्न त्यांनी घेतले नाहीत. वाचलं आणि निघून गेल्या.

तिथून पुढे जे झालं ते मला आमच्या टपरीवरच्या संध्याकाळीसारखंच वाटलं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ट्विट केलं. डोनाल्ड ट्रम्प यांच्या मते निर्णय चुकीचा होता आणि असं फक्त आजच्या पोलिटिकल करेक्टनेसच्या काळातच होऊ शकतं. चिखलात घोडा बाहेर सरकला याचा आणि पोलिटिकल करेक्टनेसचा संबंध काय? काहीच नाही. पण जिथे प्रश्न विचारायला जागा राहिली नाही, तिथे प्रत्येकाने आपापलं आवडतं उत्तर नेऊन ठेवलं. मोठा देश, मोठा माणूस, पण टपरी तीच.

मालक गॅरी वेस्ट यांनी दाद मागितली. केंटकीच्या नियमात लिहिलं होतं की अशा बाबतीत स्टिवर्ड्सचा निर्णय अंतिम, त्यावर अपील नाही. ते न्यायालयात गेले. दावा फेटाळला गेला आणि ऑगस्ट 2020 मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. आडवं जाणं झालं होतं की नाही, या मूळ प्रश्नात न्यायालयं शिरलीच नाहीत. नियमाप्रमाणे अपील नाही, म्हणून नाही. पुढे त्या घोड्याच्या ट्रेनरवर घोड्यांना औषधं दिल्याबद्दल खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि 2023 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा काही लोक म्हणाले, बघा, स्टिवर्ड्स बरोबरच होते. मला हे पटत नाही. तो गुन्हा वेगळा, तो पुरावा वेगळा. वळणावरचा निकाल वळणावर जे दिसलं त्यावरच तोलला पाहिजे.

आणि तिथे जे दिसलं त्यावरही प्रामाणिक माणसांचे दोन तट पडतात. याचं कारण समजून घ्यायला मी पुढचे काही आठवडे वाचत बसलो. सगळ्या जगात या प्रश्नाकडे बघायच्या दोन रीती आहेत. एक रीत विचारते, वाट अडवली का? अडवली असेल तर घोडा खाली. दुसरी रीत एक पाऊल पुढे जाऊन विचारते, वाट अडवली नसती तर अडलेला घोडा अडवणाऱ्याच्या पुढे गेला असता का? गेला असता तरच क्रम बदलायचा. नसता गेला तर क्रम तसाच ठेवायचा आणि शिक्षा जॉकीला करायची. अमेरिका पहिल्या रीतीने चालते. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग दुसऱ्या रीतीने चालतात. जपान 2013 पासून दुसरीकडे वळला. त्याआधी 2010 च्या जपान कपमध्ये बुएना व्हिस्टा ही घोडी स्पष्ट अंतराने पहिली आली असताना तिला दुसरं केलं होतं आणि रोझ किंगडमला पहिलं. केंटकीची शर्यत दुसऱ्या रीतीच्या देशात झाली असती तर मॅक्सिमम सिक्युरिटीचं पहिलेपण राहिलं असतं, असं अनेक जाणकारांचं मत होतं.

पहिली रीत कडक वाटते, पण तिच्यामागे घोड्यांचे आणि जॉकींचे जीव आहेत. कितीही वेगवान असलास तरी दुसऱ्याच्या अंगावर जायचं नाही, हे जॉकीच्या मनात पक्कं बसावं म्हणून ती आहे. दुसरी रीत न्यायाची वाटते, पण तिच्यात "असतं तर" आहे, आणि "असतं तर" कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही रीतींत घोड्याचा दोष नाही. त्याला नियम माहीत नसतात. मॅक्सिमम सिक्युरिटीचा जॉकी लुईस साएझ म्हणाला की गर्दीच्या आवाजाने घोडा बिचकला. तरी त्याला 15 दिवसांची बंदी झाली.

मग माझ्या वाचनात दुसरी एक शर्यत आली. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरची सेंट लेजर ही 1776 पासून चालत आलेली शर्यत. 12 सप्टेंबर 2015 रोजी तिथे सिम्पल व्हर्स ही घोडी एका डोक्याच्या अंतराने पहिली आली. बाँडी बीच हा घोडा दुसरा. आंद्रेआ आत्झेनी या जॉकीने घोड्यांच्या गर्दीतून वाट काढताना तिला बाँडी बीचच्या अंगावर घातलं होतं. शेवटच्या टप्प्यातही दोघांची धडक झाली. स्टिवर्ड्सनी चौकशी केली आणि क्रम उलटा केला. बाँडी बीच पहिला, सिम्पल व्हर्स दुसरी. केंटकीसारखीच गोष्ट. पण तिथे अपिलाची सोय होती. 23 सप्टेंबरला लंडनमध्ये तीच फिल्म पुन्हा लावली गेली, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले, आणि ज्या लोकांनी पहिला निकाल दिला नव्हता अशांनी निर्णय दिला. वाट अडली हे खरं, पण त्यामुळेच घोडीचा नंबर वर आला असं म्हणता येत नाही. सिम्पल व्हर्सला तिचं पहिलेपण परत मिळालं.

बाँडी बीचच्या माणसांना अकरा दिवस हातात असलेली शर्यत सोडावी लागली. त्यांना ते नक्कीच आवडलं नसेल. पण आपण का हरलो हे त्यांना सांगता येत होतं, घरी गेल्यावर मुलाबाळांनाही सांगता येत होतं. हरणाऱ्याच्या हातात काहीतरी दिलं गेलं होतं. केंटकीत ते दिलं गेलं नाही. आमच्या माळावरही दिलं गेलं नव्हतं.

शर्यतीतलं आडवं जाणं आणि त्यावरचं भांडण ही आजची गोष्ट नाही. आपल्याकडे मदरशात शिकलेल्या प्रत्येकाने दाहिस आणि ग़बराचं नाव ऐकलेलं असतं. इस्लामच्या आधीच्या काळात अब्स आणि ज़ुबियान या दोन अरब कबिल्यांत घोड्यांची शर्यत लागली. अब्सच्या कैस बिन ज़ुहैरचा घोडा दाहिस. समोर ज़ुबियानच्या फ़ज़ारा शाखेचा हुज़ैफ़ा बिन बद्र. दाहिस पुढे होता, तेव्हा वाटेतल्या घळीत हुज़ैफ़ाने बसवून ठेवलेली माणसं पुढे झाली आणि त्यांनी त्याला हुसकावून मागे वळवलं. भांडण झालं, खून पडले, आणि परंपरा सांगते की युद्ध चाळीस वर्षं चाललं. कवी अन्तरा त्यात अब्सच्या बाजूने लढला. शेवटी हरिस बिन औफ़ आणि हरिम बिन सिनान या दोघांनी स्वतःच्या पदरची खूनभरपाई देऊन ते मिटवलं. ज़ुहैर बिन अबी सुल्माने आपल्या मुअल्लक़ामध्ये त्यांची तारीफ केली आहे.

लहानपणी मौलवीसाहेब ही गोष्ट जाहिलियतचं उदाहरण म्हणून सांगायचे. एका घोड्यावरून चाळीस वर्षं! आम्ही हसायचो. आज वाटतं की ते घोड्यावरून लढले नाहीत. घळीत काय झालं ते दोघांनाही मान्य होईल असं सांगणारा कोणी नव्हता, त्यावरून लढले.

इस्लामने शर्यत बंद केली नाही. प्रेषितांनी मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्या, अब्दुल्लाह इब्न उमर स्वतः त्यात धावले. बक्षीसही जायज ठेवलं. हराम झाला तो जुगार. आणि धावण्याचे नियमही आले. हदीसमध्ये जलब आणि जनब या दोन गोष्टी मना केल्या आहेत. शर्यतीच्या बाबतीत उलेमा त्यांचा अर्थ असा सांगतात: आपल्या घोड्यामागे माणूस लावून आरडाओरडा करत त्याला पळवायचं नाही, आणि एक घोडा थकला की बदलायला दुसरा घोडा शेजारून पळवत न्यायचा नाही. चौदाशे वर्षांपूर्वीचं हे रेसकोर्सचं नियमपुस्तक. आणि निवाडा करणाऱ्यासाठीही दोन गोष्टी आल्या. एक, दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. दोन, काज़ीने आपली पूर्ण अक्कल लावून निकाल दिला आणि तो बरोबर निघाला तर त्याला दोन सवाब, चुकला तरी एक. म्हणजे चूक होऊ शकते हे धरूनच चाललेलं आहे. चुकण्याची भीती नाही. न ऐकण्याची आहे.

हजरत उमर यांची एक रिवायत सांगतात. त्यांनी एका माणसाकडून घोडा घेतला, आणि त्यांच्या ताब्यात असताना घोडा जायबंदी झाला. ते तो परत करू लागले, मालक घेईना. दोघांनी शुरैह यांना पंच नेमलं. शुरैह यांनी दोघांचं ऐकलं आणि खलिफाच्या विरोधात निकाल दिला: घेतलात तसा परत करा, नाहीतर ठेवून घ्या. एका वाक्यात निकाल आणि त्याच वाक्यात कारण. उमर यांनी शुरैह यांना पुढे कूफ्याचं काज़ी केलं.

हे वाचताना मला अब्बांचं ते वाक्य आठवत राहिलं. पंच मानलाय ना मला?

अब्बांकडे कारण होतं, हे मला माहीत आहे. त्या रात्री मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतो. ते अम्मीला सांगत होते. तात्यांच्या घोड्याचा पुढचा उजवा खूर चिरलेला होता, म्हणून अब्बांनी दोनच दिवसांपूर्वी त्याला आतल्या बाजूने रुंद नाल मारला होता. तसा नाल त्या माळावर दुसरा नव्हता. ओल्या मातीत तो ठसा बाहेरच्या बाजूने आला होता आणि दोन ढांगांत सरळ विहिरीच्या कडेला गेला होता, बागवानांच्या घोड्याच्या वाटेवर. आणि बागवानांच्या घोड्याचे मागचे पाय दीड हात घसरले होते. "पोराने लगाम खिंच्या," अब्बा म्हणाले. अम्मीने विचारलं, मग तिथंच का नाही सांगितलं? अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सब के सामने पोराकी इज्जत कैसी काढूं? मैं देख्या वो बोल्या, बस."

म्हणजे ते गप्प बसले ते गर्वाने नव्हे. मित्राच्या मुलाला वाचवायला. मी हे मनाशी धरून मोठा झालो. अब्बा बरोबर होते, गाव चुकलं, असं. 2004 साली अब्बा गेले तेव्हा तात्या कब्रस्तानच्या फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. तेव्हाही मला वाटलं, केवढा हा गैरसमज. पुढे तात्याही गेले.

2019 च्या ईदला मी गावी गेलो. अम्मीने डबा भरला आणि माझ्या हातात दिला. कुठे न्यायचा ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दादा ओसरीवर बसले होते. पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेले. घरच्यांची विचारपूस झाली, चहा झाला. मग मी मोबाइल काढून त्यांना केंटकीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला. म्हणाले, "बुजला की रं तो. मुद्दाम नाही घातला."

मी म्हटलं, "दादा, आपल्या विहिरीपाशी काय झालं होतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. तेहतीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं, असं ते म्हणाले. बाप्याने विचारलं नाही, कारण त्याला वाटलं मुलगा निर्दोषच आहे. गावाने विचारलं नाही, कारण गावाला निकालाचं कारण आधीच कळलं होतं. आणि अब्बांनी विचारलं नाही, कारण ठसे दिसले होते.

"उसातनं कुत्रं आलं," दादा म्हणाले. "घोडा आत पळाला. मी लगाम खेचला तो बाहेर काढायला, आत घालायला नाही."

मी त्यांना नालाचं सांगितलं, चिरलेल्या खुराचं, दीड हाताच्या घसरणीचं. त्यांनी मान हलवली. "ठसं खरंच होतं. घोडा आडवा गेलाच होता. बागवानाच्या पोराचं नशीब म्हणून तो पडला नाही."

"मग कुत्र्याचं कळलं असतं तर निकाल बदलला असता?"

त्यांनी विचार केला. घाईने उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं. "नाही," ते म्हणाले. "वाट तर अडलीच होती. पण चाचांनी मला विचारलं असतं, आणि सगळ्यांपुढं सांगितलं असतं की घोडा आडवा गेला म्हणून नंबर मागं, तर आमच्या तात्यांना मान खाली घालायला लागली नसती. आणि चाचांनाही."

ज्या मुलाची इज्जत राखायला अब्बा गप्प बसले, त्याला ती तशी राखून नकोच होती. त्याला विचारायला हवं होतं. लगाम खेचला हे ठशांत दिसलं, पण कुठल्या बाजूला आणि कशासाठी, हे ठशांत दिसत नाही. माझे अब्बा बरोबर होते, आणि त्यांच्या निकालात दोन गोष्टी राहिल्या. समोरच्याचं ऐकणं आणि कारण सांगणं. निकाल तोच लागला असता. पण गावाला त्या रिकाम्या जागेत "आपल्या माणसाकडंच गेला" हे भरता आलं नसतं. निदान इतक्या सहज नाही. ज्याच्यावर लोक आधीच शंका घ्यायला तयार आहेत, त्याने तर कारण दोनदा सांगावं. हे अन्यायाचं आहे, मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी अब्बांनी ते सांगितलं असतं तर आमचं पुष्कळ काही वाचलं असतं.

निघताना वहिनींनी डबा धुऊन परत दिला. घरी येऊन अम्मीने तो उघडला. आत गुळाचा खडा होता.